ड्यूक आहेस ना, मग कर की लग्न!

गेले दोन आठवडे आमच्याकडे रात्रीची जेवणं उरकली की अठराव्या शतकातलं माद्रिद सुरू होतंय. 'द कुक ऑफ कास्तामार' नावाची स्पॅनिश मालिका आहे, २०२१ ची, बारा एपिसोड, म्हणजे तशी जुनीच, बहुतेकांची बघून झाली असणार, पण मी अशा सगळ्या गोष्टींना दोन-चार वर्षं उशिराच पोचते त्यामुळे माझ्यासाठी ताजी. सुरुवात मी एकटीनेच केली होती, हेडफोन लावून, पण तिसऱ्या एपिसोडला आई मागे येऊन उभी राहिली, "हा कोण?" म्हणाली, मी म्हटलं ड्यूक, "आणि ही?" ही स्वयंपाकीण, झालं, खुर्ची ओढून बसलीच. मग पहिल्या एपिसोडपासून परत लावायला लागली. सबटायटल इंग्रजी, तिला ती एवढ्या भराभर वाचायला जमत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून धावतं समालोचन करते आणि ती मध्ये मध्ये पॉज करायला लावून प्रश्न विचारते. पन्नास मिनिटांच्या एपिसोडला दीड तास.

तर गोष्ट अशी. साल १७२०. क्लारा बेलमोंते ही डॉक्टरची मुलगी, शिकलेली, चार भाषा येणारी वगैरे, पण बापावर राजद्रोहाचा आळ येतो आणि घराची वाताहत होते आणि ती पोटासाठी कास्तामारच्या ड्यूकच्या वाड्यावर स्वयंपाकघरात कामाला येते. येते कशी, तर गाडीत, गवताखाली लपून. लपते कोणापासून नाही, तिला मोकळ्या जागेची भीती वाटते. डोक्यावर आभाळ आलं की श्वास अडकतो, पाय लटपटतात. आज आपण याला अगोराफोबिया म्हणतो, पण हा शब्दच मुळी कार्ल वेस्टफाल नावाच्या जर्मन डॉक्टरने १८७१ मध्ये काढला, म्हणजे आपल्याला नेमकं काय होतंय हे सांगायला क्लाराकडे शब्दसुद्धा नाही आणि तो यायला अजून दीडशे वर्षं आहेत. ही गोष्ट मला फार आवडली. प्रेमकथेतली नायिका साधं अंगण ओलांडू शकत नाही, बागेत भेट नाही, चांदण्यात फिरणं नाही, घोड्यावरून पळून जाणं तर सोडाच. आणि हे काम करणारी मिशेल जेन्नर म्हणजे तीच बाई जिने आधी 'इसाबेल' नावाच्या मालिकेत अख्ख्या कास्तियाची राणी केली होती, तिथून थेट चुलीपाशी.

ड्यूक म्हणजे दिएगो. बायको घोड्यावरून पडून गेली आहे आणि तेव्हापासून हा माणूस जिवंत असून नसल्यासारखा, जेवणावर वासना नाही, कोणाशी बोलणं नाही. आणि मग खालून एक ताट वर येतं. इथे दिग्दर्शकाने जी मजा केली आहे ती बघण्यासारखी आहे. तो घास घेतो आणि काही बोलत नाही, नुसता थांबतो, चमचा परत ताटाकडे जातो तो आधीपेक्षा जरा लवकर. बस एवढंच. मग विचारतो, कोणी केलंय हे. पुढे कितीतरी वेळ दोघांचं सगळं बोलणं या ताटांमधूनच चालतं, खालून पदार्थ वर जातो आणि वरून रिकामं ताट खाली येतं, आणि क्लारा ते रिकामं ताट ज्या नजरेने बघते ना, त्यापुढे बाकीच्या मालिकांमधली पावसातली चुंबनं पाणी कम चाय. आई म्हणाली, "ताट चाटूनपुसून आलं की करणाऱ्याला कळतंच."

आता तक्रारी. तक्रार एकच आहे खरं तर, पण मोठी आहे. या दोघांच्या मध्ये माणसं किती! एन्रिके नावाचा एक मार्क्विस, म्हणजे ड्यूकच्या खालच्या पायरीचा सरदार आहे, दिएगोच्या मेलेल्या बायकोवर याचंही प्रेम होतं म्हणून आता हा सूड घ्यायला निघालाय, सतत कोणाच्या तरी कानाशी लागलेला, दाराआड उभा. ड्यूकची आई दोन्या मेर्सेदेस, ती सून म्हणून अमेलियाला घेऊन येते, आणि अमेलियाला प्रेमापेक्षा कर्ज फेडायची घाई जास्त, बिचारी. वाड्याची मुख्य व्यवस्थापिका उर्सुला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, तोंडावर हसू म्हणून नाही. सगळे छान काम करतात, उर्सुलाचं काम करणाऱ्या बाईला तर सलाम, पण सातव्या-आठव्या एपिसोडपर्यंत मला असं वाटायला लागलं की ही सात-आठ माणसं एखाद्या साथीत गेली तर दिएगो आणि क्लाराचं दुसऱ्या दिवशी लग्न होईल.

आणि नेमकं तेव्हाच आईने पॉज करायला लावलं आणि विचारलं, "एवढा मोठा ड्यूक आहे, बाप वारलाय, पैसा आहे, वय झालंय, त्याला अडवतंय कोण? कर म्हणावं की लग्न!"

मी तोंड उघडलं आणि बंद केलं, कारण मला उत्तर येईना.

मग काय, मालिका राहिली बाजूला, मी दोन-तीन रात्री वाचतच बसले. आणि गंमत म्हणजे आईचं बरोबरच निघालं, निदान कागदावर तरी. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या धर्मसभेत १५६३ मध्येच ठरवून टाकलं होतं की लग्न म्हणजे दोघांची राजीखुशी, गावचा पाद्री आणि दोन-तीन साक्षीदार, एवढं झालं की ते लग्न पक्कं. आईबापांची परवानगी असावी, नसली तर वाईट दिसतं, पण म्हणून लग्न मोडत नाही. म्हणजे १७२० साली एखाद्या ड्यूकने स्वयंपाकिणीचा हात धरून चर्च गाठलं असतं तर ते लग्न देवाच्या दरबारात शंभर टक्के खरं.

घोळ देवाच्या दरबारात नव्हता, दुसऱ्या दरबारात होता. आणि दुसरा घोळ जमिनीचा.

जमिनीचा आधी सांगते कारण तो कळल्यावर मला या सगळ्या मालिका वेगळ्याच दिसायला लागल्या. स्पेनमधल्या बड्या घराण्यांची इस्टेट मायोरास्गो नावाच्या व्यवस्थेत बांधलेली असायची. १५०५ च्या तोरोच्या कायद्यांनी तिला पक्कं रूप दिलं. म्हणजे असं की पणजोबा कधीतरी लिहून ठेवतो, ही जमीन, हा वाडा, ही गावं, हा किताब, सगळं अख्खंच्या अख्खं थोरल्या मुलाकडे जाईल, त्याच्या थोरल्याकडे जाईल, असं जगाच्या अंतापर्यंत. विकायचं नाही, वाटायचं नाही, गहाण टाकायचं तर राजाची परवानगी. म्हणजे ज्याला आपण मालक समजतो तो ड्यूक खरं तर मालक नाहीच, तो मेलेल्या पणजोबाचा मुनीम आहे. आणि पणजोबा हुशार, त्यांनी अटी घालून ठेवलेल्या, जो वारस घराण्याच्या संमतीशिवाय लग्न करेल, किंवा जिच्या रक्तात ज्यू किंवा मुसलमान पूर्वज निघतील अशी बायको करेल, त्याचा हक्क संपला, पुढच्या भावाला मिळेल. सगळ्या कागदात नसायच्या अशा अटी पण पुष्कळ कागदात असायच्या. आता विचार करा, तुमच्या पाठीवर बसलेला भाऊ, चुलतभाऊ, सगळे त्या कागदाची नक्कल उशाखाली घेऊन झोपलेत आणि तुम्ही कधी प्रेमात पडता याची वाट बघतायत.

त्यात आणि पैशाची गंमत. जमीन अफाट पण विकता येत नाही, त्यामुळे हातात रोख नाही, आणि राहणी तर ड्यूकची ठेवायलाच लागते. मग कर्ज. मग कर्ज फेडायला हुंडा. मुलीचा बाप जो हुंडा देणार तो कायद्याने मुलीचाच, नवरा मेला की तिला परत द्यावा लागे, आणि नवऱ्याने तिला अर्रास म्हणून जी भेट द्यायची ती त्याच्या मोकळ्या मालमत्तेच्या दहाव्या भागापेक्षा जास्त द्यायची नाही. हे सगळं लग्नाआधी नोटरीसमोर बसून पानंच्या पानं लिहिलं जायचं, चादरी किती, चांदीचे चमचे किती, आरसे किती. ज्या मुलीला हुंडा जुळत नाही तिला कॉन्व्हेंट, म्हणजे जोगिणींचा मठ. तिथेही हुंडा लागायचाच, पण कमी. म्हणजे देवाशी लग्न स्वस्तात व्हायचं.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग अमेलियाचं काय चुकलं?" काहीच नाही. खरं सांगायचं तर मालिकेतली सगळ्यात खरी व्यक्ती तीच वाटते मला आता. ती खलनायिका नाही, तिच्या आईच्या औषधपाण्याचा आणि सावकाराचा हिशोब तिला पाठ आहे. आणि ती ज्याच्यात गुंतते तो कोण, तर दिएगोचा भाऊ गाब्रिएल, ज्याला म्हाताऱ्या ड्यूकने गुलाम म्हणून विकत घेतलं आणि मुलासारखं वाढवलं, कातडी काळी. स्पेनच्या मुख्य भूमीवरची गुलामगिरी कायद्याने बंद झाली १८३७ साली, म्हणजे १७२० मध्ये माद्रिदच्या बड्या घरांमधून विकत घेतलेली माणसं सर्रास वावरत होती. हा धागा मालिकेने आणखी ताणायला हवा होता, मेन लवस्टोरीपेक्षा यातच जास्त दम होता. पण पोस्टरवर दिएगो आणि क्लारा, काय करणार.

आता दरबाराचं. कास्तामारचा ड्यूक म्हणजे ग्रांदे, स्पेनचा ग्रांदे. हे नुसतं "मोठा माणूस" असं नाही, ही अधिकृत पायरी आहे. १५२० मध्ये कार्लोस पहिल्याने याची घडी बसवली असं मानतात. ग्रांदे म्हणजे राजा ज्याला पत्रात "चुलतभाऊ" म्हणतो तो, आणि ज्याला राजासमोर टोपी घालून उभं राहायचा मान आहे तो. आणि त्यातही वर्ग! पहिल्या वर्गाचा ग्रांदे आधी टोपी घालतो आणि मग राजाशी बोलतो. दुसऱ्या वर्गाचा उघड्या डोक्याने बोलतो, टोपी घालतो आणि राजाचं उत्तर ऐकतो. तिसऱ्या वर्गाचा बोलतो पण उघड्या डोक्याने, ऐकतो पण उघड्या डोक्याने, आणि सगळं झाल्यावर टोपी. मी हे आईला हातात पंचा घेऊन करून दाखवलं. हसून हसून तिच्या डोळ्यात पाणी आलं, पण मग म्हणाली, "एका टोपीसाठी इतकं करणारी माणसं स्वयंपाकिणीला सून करून घेतील होय." आणि या ग्रांदेंनी लग्न करायचं तर राजाला कळवून त्याची परवानगी घ्यायची हा रिवाज. म्हणजे दिएगोला उत्तर द्यायचंय ते आईला नाही, राजाला.

आणि राजा कोण, फेलिपे पाचवा. मालिकेत हा थोडा विक्षिप्त, हळवा, मध्येच खुळ्यासारखा वागणारा दाखवलाय आणि मला वाटलं होतं की नाटकासाठी वाढवलं असेल, पण कसलं काय, खरा याहून वाईट अवस्थेत होता. अंघोळ नाही, नखं कापायची नाहीत, दिवसा झोपायचं आणि रात्री मंत्र्यांना बोलवायचं. आणि नेमक्या त्याच १७२० च्या जुलैमध्ये त्याने आणि राणी इसाबेल फार्नेसियोने गुपचूप लिहून ठेवलं होतं की १७२३ च्या ऑल सेंट्सच्या सणाच्या आत आपण गादी सोडायची. सोडलीही, १७२४ च्या जानेवारीत, थोरल्या मुलाला बसवलं, तो पोरगा सात महिन्यांत देवीने गेला आणि ह्याला परत येऊन बसायला लागलं. पुढे १७३७ मध्ये राणीने लंडनहून फारिनेल्ली नावाच्या गायकाला आणलं, युरोपभर ज्याच्या नावाने वेड लागायचं तो, आणि तो राजा मरेपर्यंत, म्हणजे नऊ वर्षं, रोज रात्री फक्त त्याच्यासाठी गायला. म्हणतात की तीच तीच चार-पाच गाणी. अशा माणसाकडे जाऊन कोणी सांगायचं की महाराज, मला माझी स्वयंपाकीण आवडते?

पण ही सगळी प्रस्तावना झाली. मला खरं जे सांगायचंय ते याच राजाच्या धाकट्या मुलाचं, कारण वाचताना मी इथे अडकले ती अडकलेच.

त्याचं नाव लुईस. जन्म १७२७. धाकटा, गादी मिळण्याची शक्यता नाही, मग आईबापांनी त्याची सोय लावली, वयाच्या आठव्या वर्षी त्याला कार्डिनल केलं. आठव्या! तोलेदोचा आर्चबिशप, स्पेनमधलं सगळ्यात श्रीमंत धर्मपीठ. पोरगं मोठं झालं आणि त्याला पाखरं, संगीत, शिकार आणि बायका यातच रस, तेव्हा १७५४ मध्ये त्याने स्वतःच सांगितलं की हे मला जमणार नाही, आणि पद सोडलं. आता लग्न करायला हवं. पण १७५९ मध्ये गादीवर आला त्याचा सख्खा थोरला भाऊ, कार्लोस तिसरा, आणि इथे बापाने केलेला एक कायदा आडवा आला. फेलिपेने १७१३ मध्ये लिहून ठेवलं होतं की गादीवर बसणारा स्पेनमध्येच जन्मलेला-वाढलेला हवा. आणि कार्लोस आधी नेपल्सचा राजा होता, त्याची थोरली मुलं सगळी तिकडची. म्हणजे लुईसने एखाद्या तोलामोलाच्या राजकन्येशी लग्न केलं आणि त्याला स्पेनमध्ये मुलगा झाला तर तो राजाच्या मुलाच्या डोक्यावर बसू शकतो. म्हणून भाऊ लग्नच होऊ देईना. एक नाही दोन नाही, सतरा वर्षं.

मग १७७६ चा मार्च. कार्लोसने एक फर्मान काढलं, प्राग्मातिका म्हणतात त्याला. पंचवीस वर्षांच्या आतल्या मुलामुलींनी आईबापांच्या संमतीशिवाय लग्न केलं तर वारसाहक्क गेला. ग्रांदेंनी आणि राजघराण्यातल्यांनी राजाची परवानगी घ्यायचीच, आणि हलक्या घरात लग्न केलं तर बायकोला आणि मुलांना किताब नाही, मान नाही, घराण्याचं नाव नाही. आणि हे झाल्यावर तीनच महिन्यांत, जूनमध्ये, लुईसला सांगितलं, आता कर लग्न. पण राजकन्येशी नाही. मारिया तेरेसा दे बायाब्रिगा, सारागोसाची, चांगल्या पण छोट्या सरदार घराण्यातली, वय सतरा. लुईस एकोणपन्नासला टेकलेला.

हा प्रेमविवाह नव्हता, उगाच रंगवून सांगत नाही. पण पुढे काय झालं ते बघा. बायकोने दरबारात पाऊल टाकायचं नाही. मुलांनी बोर्बोन हे राजघराण्याचं आडनाव लावायचं नाही, आईचं लावायचं. भावाला भेटायचं असेल तर लुईसने एकट्याने यायचं, बायको-मुलं घरी ठेवून. आणि घर माद्रिदमध्ये नाही, शेवटी ते लोक जाऊन राहिले ग्रेदोसच्या डोंगरांच्या पायथ्याशी, अरेनास दे सान पेद्रो नावाच्या गावात. तिथे त्याने आपला छोटा दरबार मांडला, बोक्केरिनीसारखा संगीतकार त्याच्या पदरी होता, आणि १७८३-८४ च्या उन्हाळ्यांत एक चित्रकार येऊन राहिला ज्याचं नाव अजून व्हायचं होतं, गोया.

गोयाने तिथे जे कुटुंबाचं चित्र काढलं ते आता इटलीत पार्माजवळ आहे. मी ते लॅपटॉपवर उघडलं आणि आईसमोर ठेवलं, काही न सांगता. रात्र आहे. टेबल आहे, त्यावर एकच मेणबत्ती. लुईस बाजूने दिसतोय, म्हातारा, ओघळलेला, समोर पत्ते मांडलेत, एकट्याने खेळायचे. मधोमध बायको, पांढऱ्या सैलसर झग्यात, थेट आपल्याकडे बघतीये, आणि मागे एक माणूस उभा राहून तिचे केस विंचरतोय. भोवती नोकरमाणसं, दाई, तिच्या हातात तान्ही मुलगी. डाव्या कोपऱ्यात खाली वाकून बसलेला स्वतः गोया आणि त्याच्या शेजारून त्याच्या कॅनव्हासमध्ये डोकावणारी एक छोटी मुलगी. चौदा माणसं आहेत आणि एकही राजवाडा नाही, मागे नुसता अंधार.

आई बराच वेळ बघत होती. "केस कशाला विंचरून घेतीये एवढ्या रात्री?" म्हणाली. "जायचंय कुठे तिला?"

मला काटा आला. मी लिहिलेल्या सगळ्या टिपणांमध्ये हे नव्हतं.

लुईस १७८५ मध्ये तिथेच गेला. मग मुलं आईकडून काढून घेतली. मुलगा तोलेदोच्या आर्चबिशपकडे, दोघी मुली तोलेदोच्या सान क्लेमेंते कॉन्व्हेंटमध्ये. कॅनव्हासमध्ये डोकावणारी ती छोटी, तिचंही नाव मारिया तेरेसा, ती बाहेर आली ते १७९७ मध्ये, लग्नासाठी. नवरा गोदोय, त्या वेळी राणीचा लाडका आणि देशातला सगळ्यात ताकदवान माणूस. त्याला राजघराण्यातली बायको हवी होती, हिच्या घरच्यांना गेलेलं आडनाव परत हवं होतं, आणि खरंच, दोन वर्षांत बोर्बोन आडनाव परत मिळालं. गोदोयची पेपिता तुदो नावाची प्रेयसी लग्नाआधीपासून होती आणि लग्नानंतरही राहिली. होवेयानोस नावाचा मंत्री त्याच वर्षी त्यांच्याकडे जेवायला गेला होता, त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय की उजव्या बाजूला बायको आणि डाव्या बाजूला पेपिता. त्याला म्हणे घास उतरेना.

हिलाही गोयानेच रंगवलं, १८०० साली, ते चित्र आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. एकटी खुर्चीत बसलेली, दिवस गेलेले, डोक्याला गव्हाच्या ओंब्या खोवलेल्या, बोटात भली मोठी अंगठी आणि अंगठीत कोणा पुरुषाचं चिमुकलं चित्र. चेहरा बाजूला वळलेला. मागे काहीही नाही, याही वेळी अंधारच.

हे सगळं वाचून परत मालिकेकडे आले तेव्हा एन्रिकेवरचा माझा राग जरा निवळला. मालिकावाल्यांचा नाइलाज आहे. मायोरास्गोला काळा झगा चढवून दाराआड उभं करता येत नाही. १७७६ च्या फर्मानाला तलवार देऊन पायऱ्यांवरून खाली ढकलता येत नाही. मग एक मार्क्विस लागतो, जो एपिसोड बाराच्या आत हरवता येईल. तरी मला वाटतं की एक अख्खा एपिसोड नोटरीच्या खोलीत करायला हवा होता, दोन्ही पक्ष, चादरींची यादी, आणि दार उघडून क्लारा चॉकलेटचे पेले घेऊन आत येते. मी तर टाळ्या वाजवल्या असत्या. शेवट काय होतो ते सांगत नाही, बघायची असेल तर बघा, नऊ-दहाव्या एपिसोडला थोडं पाणी घातलंय ते सोसा.

आईचा शेवटचा प्रश्न असा की थोरली मुलगी असली तर काय. मुलगी असली आणि भाऊ नसला तर तिला मिळायचं, स्पेनमध्ये बायका स्वतःच्या हक्काने डचेस होऊ शकत होत्या, पण धाकटा का असेना, भाऊ झाला की तो पुढे. मायोरास्गो १८३६ मध्ये कायमचे मोडले, पण किताबांचा हा नियम कधी बदलला माहितीये? २००६. आपण ऑर्कुटवर होतो तेव्हा.

आणि मग मी तिला अल्बाची डचेस दाखवली. कायेताना, अठरावी डचेस, चाळिसाच्या वर किताब, सहा मुलं, दोनदा विधवा झालेली. २०११ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी ती एका सरकारी नोकराशी लग्न करायला निघाली, आल्फोन्सो, तिच्यापेक्षा चोवीस-पंचवीस वर्षांनी लहान. मुलांनी विरोध केला. तिने काय करावं, वाडे, जमिनी सगळं मुलांच्या नावावर वाटून टाकलं, होणाऱ्या नवऱ्याने लिहून दिलं की मला यातलं काही नको, आणि मग ऑक्टोबरमध्ये सेव्हियाच्या दुएन्यास वाड्यात लग्न लावलं. लग्न झाल्यावर दारात आली, बाहेर ही गर्दी, गुलाबी झगा, पांढरे पिंजारलेले केस, आणि बाईने पायातले बूट काढून टाकले आणि अनवाणी नाचली. फार नाही, थोडंसंच, हात वर करून, तोल सांभाळत. गर्दी वेडी झालेली.

आईने व्हिडिओ संपेपर्यंत डोळ्याची पापणी हलवली नाही.

"आधी वाटण्या केल्यान मग लग्न," ती म्हणाली. "शहाणी आहे." मग जरा थांबून, "परत लाव बघू ते बूट काढते तिथपासून."